देशाटन : पावणेपाचचा सूर्यास्त



या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत यंदा एक प्रश्न वारंवार आला. जपानला जावयाचे आहे, मुले उत्सुक आहेत, पण घरातील वडीलधाऱ्यांना बरोबर न्यावे की नाही? भाषा येत नाही, अन्नाचा भरवसा नाही, आणि एका भगिनीने स्पष्टच लिहिले आहे की, ‘सासूबाईंचा चौविहार मोडला तर मला आयुष्यभर चुटपुट लागेल.’

उत्तर आहे : अवश्य न्यावे. मात्र हे उत्तर मी गेल्या नोव्हेंबरात आईला घेऊन जाऊन आल्यावर देत आहे आणि त्या प्रवासात माझ्या हातून जे घडले ते सांगितल्याखेरीज देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आईचे वय ७४. तिला टोकियो नको होते, फुजी पर्वत नको होता. तिला कोबे हवे होते. मुंबईतले तिचे मामा मोत्यांच्या व्यवहारात कितीएक वर्षे तेथे होते. १९८५ मध्ये कोबेच्या कितानो भागात श्री महावीरस्वामींचे मंदिर उभे राहिले, तेव्हा त्यांनी पाठविलेले पत्र तिने कपाटात आजवर जपून ठेवले आहे. बाकी सर्व शहरे वाटेतली.

आधी वाहनांविषयी. जपानी शहरात टॅक्सी महाग आणि रेल्वे सोपी. सोपी असे मी म्हणतो ते तिसऱ्या दिवसापासून; पहिले दोन दिवस मनुष्य नकाशापुढे नुसता उभा राहतो. उतरल्याबरोबर विमानतळावरच प्रत्येकाच्या नावे एकेक पैसे भरण्याचे कार्ड घ्यावे. टोकियोत त्याला सुइका किंवा पास्मो म्हणतात, ओसाका-क्योटोकडे इकोका. नावे वेगळी, काम एकच. २०१३ पासून एका शहराचे कार्ड दुसऱ्या मोठ्या शहरातही चालते. फाटकावर टेकविले की आत, उतरताना पुन्हा टेकविले की भाडे वजा. बस, मेट्रो, कोपऱ्यावरचे दुकान, पाण्याची बाटली देणारे यंत्र, सर्वत्र तेच. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, म्हणून आजीसाठीही वेगळे हवे. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धे भाडे असते, पण त्यांचे कार्ड पासपोर्ट दाखवून निराळे घ्यावे लागते. जपान आपल्या घड्याळाच्या साडेतीन तास पुढे आहे हे लक्षात ठेवून पहिला दिवस हलका ठेवावा.

टोकियोत यामानोते ही वर्तुळाकार रेल्वे पाठ करावी. ३० स्थानके, साधारण एका तासात पूर्ण फेरी. चुकून उलट्या दिशेने बसलात तरी घर येतेच. या वर्तुळावर ओकाचिमाची नावाचे स्थानक आहे. त्याच्या आसपास रत्ने व दागिन्यांच्या घाऊक पेढ्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या असून आपली बरीच कुटुंबे तेथे व्यापार करतात. आम्ही मुक्काम मुद्दाम त्याच बाजूला ठेवला होता. शिंजुकू स्थानकाचे मात्र भय बाळगावे. जगातील सर्वाधिक वर्दळीचे म्हणून त्याची नोंद आहे, आणि बाहेर पडण्याची दारे दोनशेहून अधिक. तेथे ‘स्टेशनबाहेर भेटू’ या वाक्याला काही अर्थ नाही. दाराचे नाव वा क्रमांक आधी पाहून ठेवावा. वडीलधारी माणसे असतील तर लिफ्ट कोणत्या दाराशी आहे हेही पाहावे, कारण ती बहुधा फलाटाच्या एका टोकाला असते आणि आपण नेमके दुसऱ्या टोकाला उतरतो. सकाळी साडेसात ते साडेनऊ शहरी गाड्यांत जाऊ नये. तेवढा वेळ सामायिक-पूजेला सत्कारणी लागतो.

एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्यासाठी शिंकान्सेन. १९६४ च्या ऑक्टोबरात टोकियो ते ओसाका ही पहिली धावली, आणि अजूनही तिच्या वक्तशीरपणाचे नवल वाटते. येथे आपल्या लोकांची एक हमखास चूक होते : परदेशी प्रवाशांसाठीचा सात दिवसांचा रेल्वे पास डोळे मिटून घेणे. पूर्वी तो खरोखर स्वस्त होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचा भाव २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाला. टोकियो ते क्योटो आरक्षित जागेचे भाडे सुमारे १४,००० येन, म्हणजे जाऊन-येऊन २८,०००. मग पन्नास हजार कशासाठी मोजावयाचे? शिवाय सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ गाडीला पासावर वरून आणखी पैसे पडतात. दुकानात आपण पै-पैचा हिशोब करतो आणि सहलीला निघालो की तो मुनीम घरी ठेवून येतो. तसे करू नये. आपला मार्ग कागदावर मांडावा, सुट्या तिकिटांची बेरीज करावी, मगच ठरवावे.

क्योटो ते कोबे या अंतराला तर शिंकान्सेनही लागत नाही. साधी जलद गाडी तासाभराच्या आत थेट कोबेच्या मध्यवर्ती सान्नोमिया स्थानकात सोडते, तीही निम्म्याहून कमी भाड्यात. हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी आईला ‘बुलेट ट्रेन’मध्ये बसवून कोबेला न्यावे असा माझा हट्ट होता.

राहण्याविषयी. जपानी शहरातील मध्यम दराच्या हॉटेलांना ते ‘बिझनेस हॉटेल’ म्हणतात. स्वच्छता निष्कलंक, नोकरचाकर अदबशीर, खोली मात्र बारा-पंधरा चौरस मीटरची. दोन मोठ्या पेट्या उघडल्या तर पाय ठेवावयास जागा नाही. बुकिंग करताना ‘सेमी-डबल’ या शब्दाला फसू नये. तो सुमारे १२० सेंटिमीटर रुंदीचा एकच पलंग असतो, आपल्या बेताच्या देहयष्टीलाही दोघांना अपुरा. ‘ट्विन’ घ्यावी. तेथे भाडे बऱ्याचदा खोलीवर नसून माणशी असते, म्हणून संख्या खरी सांगावी. ‘एक जण जादा झोपेल गादी टाकून’ हा आपला घरगुती उपाय तेथे अप्रामाणिकपणा ठरतो. खोली दुपारी तीनच्या आधी मिळत नाही, पण पेट्या सकाळीच ठेवून घेतात. क्योटो शहराने २०१८ पासून मुक्कामावर कर बसविला आहे. तो बुकिंगच्या रकमेत नसेल तर जागेवर रोख मागतात, तेव्हा वाद घालू नये.

पारंपरिक निवासाला र्‍योकान म्हणतात. चटयांची खोली, रात्री अंथरल्या जाणाऱ्या गाद्या, फार सुंदर. पण त्यात रात्रीचे जेवण धरलेले असते आणि ते सहाच्या सुमारास किंवा त्यानंतर येते, तेही बहुतांशी मासळीचे. आपल्यासाठी एक शब्द पाठ करून ठेवावा : ‘सुदोमारी’, म्हणजे जेवणाविना केवळ मुक्काम. पैसेही वाचतात, नकार देण्याचा संकोचही वाचतो.

भाड्याने मिळणारी घरगुती जागा आपल्याला आकर्षक वाटते, कारण स्वयंपाकघर असते. जून २०१८ च्या कायद्यानुसार अशा घराला नोंदणी क्रमांक लागतो, वर्षात १८० दिवसांहून अधिक ते पाहुण्यांना देता येत नाही, आणि परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत घेणे त्यांना बंधनकारक आहे. क्रमांक नसेल तर घेऊ नये. आम्ही टोकियोतील पहिल्या तीन रात्रींसाठी असेच एक घर घेतले. मालकाने पत्ता दिला, दारावरच्या किल्लीपेटीचा आकडा दिला आणि नंतर फोन उचलला नाही. जपानी पत्त्यात बहुधा रस्त्याचे नावच नसते. आधी पेठ, मग तिचा विभाग (त्याला ‘चोमे’ म्हणतात), मग चौकाचा क्रमांक, मग इमारतीचा. हे क्रमांक ओळीने असतीलच असे नाही. आमचे सात क्रमांकाचे घर दोन आणि अकराच्या मध्ये दडले होते. रात्रीचे नऊ वाजलेले, आई पेटीवर बसलेली. शेवटी कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत गेलो. या चौक्यांना ‘कोबान’ म्हणतात आणि वाट सांगणे हे त्यांचे रोजचेच काम. शिपायाने भिंतीवरचा नकाशा पाहिला, टोपी घातली आणि दारापर्यंत सोडावयास आला. त्या रात्री मी हॉटेलच्या नावपत्त्याची जपानी लिपीतील चिठ्ठी हे काय मोलाचे साधन आहे ते शिकलो. पुढच्या प्रत्येक मुक्कामाचे कार्ड प्रत्येकाच्या खिशात, आईच्या बटव्यातही. हे एक मी नीट केले.

अन्नाचे थोडक्यात सांगतो, कारण यावर प्रत्येक घराचे नियम निराळे. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाचे पाणी आहे आणि ते बहुधा सुकविलेल्या माशाचे असते. त्यामुळे वर भाज्याच दिसल्या तरी नूडल्सचे पाणी, मिसोचे सार, भाजीवरचा रस, सारेच वर्ज्य समजावे. बौद्ध मठांत ‘शोजिन र्‍योरी’ नावाचे शाकाहारी जेवण मिळते. कोया पर्वतावर पन्नासएक मठांत राहण्याचीही सोय आहे. त्या भिक्षूंनी कांदा-लसूण वर्ज्य मानला हे ऐकून आईला फार समाधान वाटले, पण त्यात मुळा, गाजर, कमलकाकडी असतेच. कंदमुळे न खाणाऱ्यांनी तेवढे आधी कळवावे. टोकियो व कोबेत जैन पद्धतीने करून देणारी भारतीय उपाहारगृहे आहेत. परंतु जपानात अनेक उपाहारगृहे दुपारी अडीच-तीनला बंद होतात ती पाचला उघडतात. आणि येथेच आपला खरा पेच आहे. नोव्हेंबरअखेर टोकियोत सूर्य साडेचारच्या आत मावळतो, क्योटो-कोबेत पावणेपाचच्या सुमारास. म्हणजे चौविहार पाळणाऱ्याला संध्याकाळचे जेवण उपाहारगृहात मिळणे अशक्य. ते दुपारीच बांधून घ्यावे किंवा डबा बरोबर हवा. खाखरे, भाजणी, कोरडी चटणी घरून न्यावी. ताजी फळे-भाज्या, कच्चे धान्य व डाळी नेऊ नयेत, त्यांना तपासणीचा दाखला लागतो आणि विमानतळावर अडवितात. आपली विजेची किटलीही नेऊ नये. तेथे वीज १०० व्होल्टची, आपली किटली पाव ताकदीनेही चालत नाही. खोलीत बहुधा त्यांची किटली असते. आई रात्रीच पाणी उकळून थर्मास भरून ठेवी. उन्हाळ्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा हा पेच राहत नाही. वडीलधाऱ्यांना न्यायचे तर मेअखेर जावे असे मी आज सांगेन. आम्ही लाल पानांच्या मोसमासाठी नोव्हेंबर निवडला होता.

आता त्या दिवसाविषयी.

जपानात सामान पुढे पाठविण्याची एक अप्रतिम सोय आहे. ‘ताक्क्युबिन’ म्हणतात; १९७६ पासून चालू आहे. हॉटेलच्या काउंटरवर पेटी द्यावी, पुढच्या गावच्या हॉटेलचा पत्ता लिहावा, बहुधा दुसऱ्या दिवशी पेटी तेथे हजर. एका पेटीला साधारण दोन-तीन हजार येन. टोकियोहून क्योटोला आम्ही तसेच पाठविले होते आणि हात हलवीत गेलो होतो. क्योटोहून कोबेला जाताना मी म्हटले, अर्ध्या तासाचा तर प्रवास, दोन पेट्यांचे पाच हजार येन कशाला घालवावयाचे? पत्नी म्हणाली, ‘आईंचा हात धरावयास एक हात मोकळा हवा.’ मी ऐकले नाही.

क्योटोत त्या आठवड्यात लाल पाने पाहावयास अवघा देश लोटलेला. शहरातील बस मागच्या दाराने चढावी, पुढच्याने उतरावी, उतरताना २३० येन द्यावे, इतके सोपे काम. पण आमची बस जागची हलेना. स्थानकात पोहोचलो तेव्हा पावणेचार होऊन गेले होते. दुपारचे जेवण थोडके झालेले. डबा गाडीत बसताच उघडावयाचा असे ठरले. डबा माझ्या पाठीवरच्या पिशवीत.

गाडी आली. ती क्योटोला दीड-दोन मिनिटांहून अधिक थांबत नाही. पत्नी आधी चढली, मी एक पेटी वर घेतली, दुसरी घेतली, आणि दारातली वाट अडते म्हणून दोन्ही आत सरकविल्या. वळून पाहतो तो आई फलाटावर पिवळ्या रेषेच्या मागे उभी. तिच्यामागे रांगेत चार-पाच माणसे होती; पेट्यांमुळे ती खोळंबली आहेत असे वाटून ती बाजूला झाली होती आणि हाताने त्यांना ‘आधी तुम्ही’ म्हणत होती. ती माणसे मान लववून आत आली. शेवटचा आत आला आणि दार बंद झाले. फलाटावरच्या कर्मचाऱ्याला ती कोणाला निरोप द्यावयास आलेली वाटली असेल. काचेतून मला तिचा चेहरा दिसला. ती घाबरलेली नव्हती. तिने हात वर करून ‘जा, जा’ अशी खूण केली, आमची एसटी चुकली की करते तशी.

पुढचे स्थानक शिन-ओसाका, चौदा-पंधरा मिनिटांवर. ती मिनिटे कशी गेली ते लिहीत नाही. आईजवळ फोन नव्हता. इंग्रजी तर सोडाच, हिंदीही बेताची. बटव्यात कोबेच्या हॉटेलचे जपानी लिपीतले कार्ड तेवढे होते.

शिन-ओसाकाला पत्नीला पेट्यांजवळ बसविले आणि फाटकाशेजारच्या खिडकीकडे धावलो. भाषांतराच्या यंत्रावर बोललो, ते त्याने भलतेच सांगितले असावे, कारण कर्मचाऱ्याने हरवलेल्या वस्तूंचा अर्ज पुढे केला. मग मी तिकीट दाखविले, डब्याच्या क्रमांकावर बोट ठेवले, फोनमधला आईचा फोटो दाखविला. साडी पाहताच त्याचा चेहरा बदलला. त्याने फोन केला, थांबला, पुन्हा केला. ‘क्योटो’, तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी खुर्चीवर बसल्याची खूण केली. तिने कार्ड फलाटावरच्या कर्मचाऱ्याला दाखविले होते आणि त्यांनी तिला आत नेऊन बसविले होते. तिकिटावर काही लिहून त्याने मला परतीच्या फलाटावर सोडले. पैसे घेतले नाहीत.

गाडीत बसलो तेव्हा चार पस्तीस झाले होते. डाव्या बाजूच्या खिडकीतून डोंगरावरचा उजेड दिसत होता. मी डबा मांडीवर काढून ठेवला, जणू त्याने गाडी लवकर पोहोचणार होती. क्योटोच्या फलाटावर पाय ठेवला तेव्हा घड्याळात चार पन्नास, दिवे लागलेले.

आई एका लहानशा खोलीत सरळ बसली होती. समोर मेजावर चहाची बंद बाटली आणि वेष्टनातली मिठाई, दोन्ही न उघडलेली. एक तरुण मुलगी, गणवेशातली, तिच्याजवळ उभी होती. ती मला पाहून इतक्यांदा वाकली की जणू चूक तिचीच. मी डबा पुढे केला. आईने खिडकीकडे पाहिले, मग माझ्याकडे. ‘गेला रे,’ म्हणाली, ‘राहू दे. तू नि सूनबाई खा.’ पाणीही घेतले नाही. मग त्या मुलीचे दोन्ही हात हातात घेऊन तिला मराठीत सांगितले, ‘बाळ, तुझा चहा मी नाकारला असे समजू नकोस.’ मुलीला काय उमगले कोण जाणे. तिने ती बाटली आणि मिठाई पिशवीत घालून आईच्या हातात दिली.

आम्ही दोघांनीही त्या रात्री खाल्ले नाही. कोबेच्या खोलीत आईला झोप लागली, मला नाही. पाच हजार येनचा हिशोब मी रात्रभर निरनिराळ्या प्रकारे मांडून पाहत होतो.

सकाळी नवकारशी झाल्यावर तिने आधी पाणी घेतले, मग खाखरा. त्यानंतर आम्ही कितानोच्या चढाने निघालो. शिन-कोबे स्थानकापासून हा भाग पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. कोबे बंदर १८६८ मध्ये परदेशी व्यापाराला खुले झाले. व्यापाऱ्यांची जुनी लाकडी घरे या टेकडीवर अजून उभी आहेत. १९२३ च्या भूकंपाने योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील पुष्कळ भारतीय व्यापारी इकडे आले. पुढे १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे हेही शहर कोसळले आणि पुन्हा उभे राहिले. मोत्यांच्या निवडीचा व व्यापाराचा हा गड. मामांचे सारे आयुष्य या दोन-चार गल्ल्यांतच गेले असावे. वळण घेतले आणि घरांच्या दाटीत एकदम पांढरा संगमरवर दिसला. आई चढ चढताना दोनदा थांबली होती. शेवटचे वीस-पंचवीस पावले मात्र तिने माझा हात सोडला.

दर्शन झाल्यावर ती बराच वेळ खांबाला हात लावून उभी होती. मामांचे पत्र तिने बरोबर आणले होते, हे मला तेव्हा कळले. त्यात मंदिराचे वर्णन दोनच ओळींत होते, उरलेल्या पत्रात बाजारभाव.

दुपारी हॉटेलवर आलो. परतीच्या विमानापूर्वी ओसाकाला एक रात्र काढावयाची होती. अर्ध्या तासाचाच प्रवास. मी काउंटरवर जाऊन पेट्या पुढे पाठविण्याचा कागद मागितला. आईने चष्मा काढला, कागद स्वतःपुढे ओढला आणि विचारले, ‘नाव कुठे लिहायचे? आणि डबा आता तिघांचे तीन वेगळे बांध.’